उन्हाळा लागला तसा माझी स्ट्रिप प्रत्येक पालकावर विष दाखवून राहिली, काय चुकतंय?

वैदर्भी_बायोकेम

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरला एमएस्सी बायोकेमिस्ट्री करते, शेवटचं सेमिस्टर आहे. प्रोजेक्टला भाजीवरचं कीटकनाशक ओळखायची कागदी स्ट्रिप घेतली. व्हॉटमन १ नंबरच्या फिल्टर पेपरचे दोन चौकोन, एकावर घोड्याच्या सीरममधलं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम जिलेटिनसोबत सुकवलेलं, दुसऱ्यावर इंडॉक्सिल अ‍ॅसिटेट, एन्झाइमने फुटलं की निळा रंग देणारा पदार्थ. भाजी हलवून धुतलेलं पाणी एन्झाइमवाल्या चौकोनावर टाकायचं, १० मिनिटं थांबायचं, मग दोन्ही चौकोन एकमेकांवर दाबून धरायचे. एन्झाइम चालू असलं तर निळा रंग येतो, पाण्यात ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट या गटातलं कीटकनाशक असलं तर एन्झाइम बंद पडतं आणि कागद पांढराच राहतो.

जानेवारीत लॅबमध्ये मस्त निळा रंग यायचा, पाच-सहा मिनिटांत. आता एप्रिलमध्ये स्ट्रिपा झिप पाऊचमध्ये घालून स्कूटीच्या डिक्कीत ठेवते, भाजीबाजारातून जुड्या आणते आणि घरीच टेस्ट करते तर पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), सगळंच पांढरं. काल आईच्या हातात पालकाची जुडी होती, विळी काढून बसली होती ती, मला म्हणे सांग आता, करू की नको भाजी? मी तीन महिने याच्यावर काम करून राहिली आणि मला उत्तर देता नाही आलं. खरंच सगळ्या भाजीवर इतकं आहे का माझी स्ट्रिप खोटं बोलून राहिली? गाइड म्हणतात कॉन्सन्ट्रेशन वाढव एन्झाइमचं, पण मला तेवढंच कारण वाटत नाही.

स्ट्रिपवाली_ताई

तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस, ब्लँक. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर स्ट्रिप निळी होते का आज? आधी ते बघ, भाजी बाजूला ठेव. मी १४ वर्षं डायग्नोस्टिक स्ट्रिपांच्या कामात आहे आणि अशा टेस्टची सगळ्यात मोठी खोच हीच असते की विषाने बंद पडलेलं एन्झाइम आणि उन्हाने मेलेलं एन्झाइम कागदावर अगदी सारखंच दिसतं. दोन्ही पांढरे. त्यामुळे प्रत्येक नमुन्यासोबत त्याच पाऊचमधली एक स्ट्रिप साध्या पाण्यावर लावायचीच, ती निळी झाली नाही तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द समजायचे.

आणि भाजी धुतेस कोणत्या पाण्यात? घरच्या नळाच्या असेल तर त्यात क्लोरीन असतं. ते एन्झाइमला मारतं आणि वर तयार झालेला निळा रंगही फिका करतं, कारण तो रंग म्हणजे नीळच आहे, इंडिगो, आणि क्लोरीन नीळ उडवतं.

असं कर, एका फ्रीजमधल्या आणि एका डिक्कीतल्या स्ट्रिपवर डिस्टिल्ड वॉटर टाक, फ्रीजमधल्या दुसऱ्या स्ट्रिपवर नळाचं पाणी, आणि चौथीवर नळाच्याच पाण्यात क्लोरीन घालवायला सोडियम थायोसल्फेटचा अगदी एखादा खडा विरघळवून. चारही एकाच वेळी लाव, घड्याळ लावून, आणि फोटो काढून ठेव.

वैदर्भी_बायोकेम

ताई केलं, आत्ताच. फ्रीज आणि डिस्टिल्ड, ६ मिनिटांत निळा. डिक्की आणि डिस्टिल्ड, १५ मिनिटांनी सुद्धा कडेला थोडीशी निळसर झाक, मधे पांढरं. फ्रीज आणि नळाचं पाणी, पांढरं. थायोसल्फेट टाकलेलं, निळा!! म्हणजे दोन्ही चुका माझ्याच होत्या, आणि पालक बिचारा कदाचित चांगला होता. पण आता डिक्कीचं काय करू, बाजारात जाऊन टेस्ट करता नाही आली तर या स्ट्रिपचा उपयोगच काय. आईची शुगरची स्ट्रिप तर वर्षभर कपाटात असते, तिला काहीच होत नाही.

स्ट्रिपवाली_ताई

शुगरच्या स्ट्रिपची बरोबरी लगेच करू नको. तिच्यातली बहुतेक एन्झाइमं मुळातच दणकट असतात, आणि १९६२ मध्ये लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवायची कल्पना मांडली तेव्हापासून जगभरात त्यावर काम झालंय. तरी तिच्याही डबीवर किती तापमानापर्यंत ठेवायची ते छापलेलं असतं आणि झाकणात किंवा डबीत ओल शोषणारा पदार्थ असतो, बघ आईची डबी हातात घेऊन. तुझं कोलिनएस्टरेज त्या मानाने नाजूक.

नागपूरचं ऊन म्हणजे काय ते मला सांगू नको, माझं माहेर तिथलंच, २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता तेव्हा मी घरीच होते. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत तर बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. पण नुसतं ऊन मारत नाही, ऊन आणि ओल मिळून मारतात. कोरडं ठणठणीत एन्झाइम बऱ्यापैकी गरमी सोसतं, ओलसर असलं की प्रथिनाची घडी लवकर मोडते. जिलेटिनसोबत ट्रेहॅलोज घाल, ही साखर पाण्याच्या जागी प्रथिनाला धरून ठेवते. मग स्ट्रिप पंख्याखाली वाळवू नको, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, व्हॅक्यूम लावून रात्रभर ठेव. झिप पाऊच बंद कर आजपासून, त्यातून ओल शिरते. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं पाऊच, आत सिलिका जेल, आणि एका पाऊचमध्ये दोनच स्ट्रिपा, एक नमुन्याला एक ब्लँकला. तरी डिक्कीत नको, थर्मासमध्ये ने.

दुसरा चौकोन पण तपास. इंडॉक्सिल अ‍ॅसिटेट ओलीत आपोआप फुटतं आणि एन्झाइम नसतानाही निळसर होतं. म्हणजे पावसाळ्यात तुझी स्ट्रिप उलटं खोटं बोलेल, विष असलं तरी निळी दिसेल. मला या चुकीची जास्त भीती वाटते. पांढरं आलं तर माणूस फार तर भाजी टाकून देईल, निळं आलं तर खाईल.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ

ताई मी काही शिकलेला नाही यातलं, दहा एकर कापूस आहे, पण वाचून राहिलो तेव्हापासून लिहायचं होतं. आमच्याकडं मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस तं मारतातच, पण इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅसिटामिप्रिड, सायपरमेथ्रिन हे पण मारतात, एकात एक मिसळून सुद्धा. तुमच्या कागदाले हे सगळं समजते काय?

दुसरं असं की भाजीचं सोडा, भाजी धुऊन शिजवून खातेत लोक. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीनं २० च्या वर माणसं गेली, त्यात शेतमजूर किती होते. माझा काका वाचला, पण मी त्याले दवाखान्यात नेलं तेव्हा डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या होत्या, तोंडातून लाळ, घामानं सदरा भिजलेला. डॉक्टर म्हणे रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासा, ती सोय तिथं नव्हती म्हणून रक्त दुसरीकडं पाठवलं. तुम्ही वर तेच नाव लिहिलं म्हणून मी थांबलो. काका दिवसभर फवारून यायचा, हात धुवायचा, भाकर खायचा. पंपाचं नोझल तोंडानं फुंकून साफ करायचा. हात धुतल्यावर हातावर काही राहिलं का, हातमोजा आतून भिजला का, प्यायच्या पाण्याच्या कॅनवर उडालं का, हे समजलं असतं तं बरं झालं असतं. त्याच्यासाठी कागद बनत असेल तं सांगा.

स्ट्रिपवाली_ताई

दादा, तुम्ही शिकलेले नाही म्हणू नका, प्रोजेक्टचा खरा प्रश्न तुम्ही मांडला.

आधी पहिलं. नाही समजत सगळं. हे एन्झाइम फक्त ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट ओळखतं. इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅसिटामिप्रिड, सायपरमेथ्रिन कितीही असलं तरी कागद निळाच होणार. ऑर्गनोफॉस्फेटमध्येही क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑनसारखी औषधं मूळ रूपात या एन्झाइमला फार धरत नाहीत, शरीरात गेल्यावर त्यांचं ऑक्सॉन हे जास्त जहाल रूप बनतं आणि ते धरतं. म्हणून कागदावर टाकायच्या आधी ब्रोमीन वॉटरने ऑक्सिडाइज करावं लागतं आणि उरलेलं ब्रोमीन काढून टाकावं लागतं. वैदर्भी, हे फक्त फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात, गाइड समोर असताना. आणि पाऊचवर 'सुरक्षित' हा शब्द छापू नकोस कधीच.

भाजीचं म्हणशील तर जिथे वेगळी मर्यादा दिलेली नाही तिथे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. तिथपर्यंत साध्या रंगाच्या कागदाने भरवशाने पोचता येत नाही, ते एलसी-एमएस मशीनचं काम. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीवर २००५ पासूनच बंदी आहे, म्हणजे कागदावर दिसो न दिसो, ते तिथे असायलाच नको. शिवाय कांदा, लसूण, मुळा यांचा रस स्वतःच एन्झाइमला त्रास देतो, पालकाचा हिरवा रंग निळ्यावर चढतो.

पण दादा म्हणतात तिथे, हातावर, मोज्यात, कॅनच्या झाकणावर, औषध भाजीवरच्या अवशेषाच्या मानाने खूप जास्त असतं. आणि जे एन्झाइम काकांच्या अंगात बंद पडलं त्याचंच भावंड त्या कागदावर बसलंय. तिथे ही स्ट्रिप कामाची होऊ शकते. मी तुझ्या जागी असते तर प्रोजेक्ट तिकडे वळवला असता. एक अडचण आत्ताच सांगून ठेवते, साबणाचा फेससुद्धा एन्झाइम बिघडवतो, त्यामुळे हात पुसायचा कापसाचा बोळा बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, भिजवून घ्यावा लागेल आणि साबणाचा वेगळा ब्लँक लागेल.

वैदर्भी_बायोकेम

ताई, दादा, मी रात्रभर हाच विचार करून राहिली होती. आज गाइडशी बोलली, ते म्हणाले भाजीचा डेटा तसाच लिही, डिक्की आणि नळाचं पाणी हा पण निकालच आहे, आणि उरलेल्या दिवसांत मोज्यांवर कर. ट्रेहॅलोजची ऑर्डर टाकली. आईला सांगितलं, पालक कर, पण तीन पाण्यानं धू.

दादा, फवारणी सुरू व्हायच्या आधी मला वापरलेले मोजे मिळतील का? आतली बाजू तपासायची आहे, कोणत्या बोटाजवळ जास्त झिरपतं ते बघायचं आहे.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ

मागच्या हंगामाचे तीन जोड खोपडीत टांगले आहेत, न धुता. उजव्या हाताचे तीनही अंगठ्याजवळ फाटले, पंपाचा दांडा तिथंच घासते. दोन पिशव्यांत घालून, लेकरांचा हात पोचणार नाही असे बांधून ठेवतो, नागपूरले येईन तेव्हा कॉलेजच्या गेटवर देतो. कोणत्या जोडीनं काय फवारलं ते आठवते तेवढं कागदावर लिहून देईन.