मदत हवी आहे: भंगारातलं जुनं लिस्टर इंजिन, पिस्टन जाम

नमस्कार मंडळी, सांगलीकडच्या एका भंगारवाल्याकडे लिस्टर सीएस ६/१ हे एका सिलिंडरचं जुनं इंग्लिश डिझेल इंजिन सापडलंय, ६ एचपी, ६५० आरपीएमवालं, पूर्वी गुऱ्हाळावर नाहीतर विहिरीवर चालायचं ते टुक टुक करणारं. दोन्ही फ्लायव्हील शाबूत आहेत, कंपनीच्या नावाची प्लेट कुणीतरी काढून नेलीय, पण हेडच्या बाजूला कॉम्प्रेशन कमीजास्त करायचं ते हाताचं छोटं चाक आहे, राजकोटला बनणाऱ्या याच्या कॉपीत ते मी तरी पाहिलेलं नाही म्हणून ओरिजिनल असावं असा अंदाज. भंगारवाला किलोच्या भावाने देतो म्हणतोय, पण लवकर न्या नाहीतर गॅसकटरने तुकडे करून वितळायला पाठवतो अशी वर धमकी.

अडचण अशी की सायलेन्सर काढलेला होता, पावसाचं पाणी आत गेलंय आणि पिस्टन अजिबात हलत नाही. हेड खोलून डिझेल आणि गिअर ऑइल मिक्स करून भरून ठेवायचा विचार आहे, घण मारायला सगळेच सांगतात पण लायनरला (पिस्टन ज्यात फिरतो ती आतली नळी) चीर गेली तर काय घ्या. ज्यांनी असं जाम इंजिन सोडवलंय त्यांनी सांगा, वरून लाकडी ठोकळा ठेवून ठोकू का खालून कनेक्टिंग रॉड सोडून जॅक लावू? आणि फ्लायव्हीलची चावी (ते शाफ्टवर घट्ट धरणारी लोखंडी पाचर) गंजून बसलीय ती क्रँक न दुखावता कशी काढायची? बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) साडेचार इंचीच आहे, मग राजकोटचे रिंग पिस्टन ओरिजिनल लायनरमध्ये चालतात का, कुणी बसवलेत का प्रत्यक्ष? जुना फिटर कुणाच्या ओळखीत असेल तर मेसेज करा प्लीज.