शब्दचर्चा: लाळ, थुंकी की बेडका?

आरोग्य केंद्राच्या पत्रकाचं मराठी करते आहे. सर्दी-तापाच्या विषाणूसाठी नाकातला स्वॅब कधी आणि 'सलायव्हा' कधी, असा विषय. मी 'लाळ' लिहिलं होतं. वरिष्ठांनी खोडून 'थुंकी' केलं. त्यांच्या मते लाळ बाळाची नाहीतर गुरांची. योग्य काय?

प्रतिसाद १
लाळच ठेवा, आग्रहाने. क्रियापदं बघा: लाळ सुटते, थुंकी टाकतात, बेडका खाकरून काढावा लागतो. लाळ ग्रंथींतून आपसूक तोंडात येते, बेडका छातीतून. क्षयरोगाच्या तपासणीत वर्षानुवर्षं 'थुंकी तपासा' म्हटलं गेलं आणि तिथे हवा असतो बेडका. त्यामुळे 'थुंकी द्या' वाचलं की आपला माणूस आधी खाकरतो आणि नमुनाच बदलतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ज्या लाळचाचणीला ऑगस्ट २०२० मध्ये तातडीची परवानगी मिळाली, तिच्यात तोंडात साठलेली लाळच हवी होती. उलट हाँगकाँगच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी रुग्णांना खोकून घशातली लाळ काढायला सांगितली. १२ पैकी ११ जणांच्या नमुन्यात करोनाचा विषाणू सापडला. अशा नमुन्याला नुसतं 'लाळ' म्हणू नये, 'घशातून खाकरून काढलेली लाळ' असं पूर्ण लिहावं.

प्रतिसाद २
'गुळणी' विसरू नका. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने करोनाच्या तपासणीसाठी मिठाच्या पाण्याची गुळणी करून तीच नळीत घ्यायची पद्धत काढली, २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मान्यता मिळाली. घरातला शब्द थेट प्रयोगशाळेत गेला, याचा मला फार आनंद झाला होता.
स्वॅबसाठी मात्र 'फाया' सुचवावासा वाटतो. काडीला कापूसच की.

प्रतिसाद १
फाया म्हटलं की अत्तर आठवतं. शिवाय मराठीत स्वॅब आता काडी राहिलेला नाही, 'स्वॅब पॉझिटिव्ह आला' म्हणतो तेव्हा तो नमुना असतो. आणखी एक: स्वॅब 'घेतात', त्याला शिकलेला माणूस लागतो, नाकात काडी गेली की शिंक येते, समोरच्याला धोका. लाळ रुग्ण स्वतः 'देतो'. पत्रकात ही दोन क्रियापदं वेगळी ठेवा.

मूळ विचारणा करणारी
पटलं. आता असं लिहिलं आहे: 'अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नका, तंबाखूही नाही. खाकरू नका. तोंडात साठलेली लाळ नळीतल्या खुणेपर्यंत सोडा. बुडबुडे त्यात मोजू नका.'

प्रतिसाद २
बुडबुडे नको, 'फेस' लिहा. लाळेला फेसच येतो.