अंगावरचे कपडे काढले तर त्यात देशाचा अपमान कसा काय?

कोपऱ्यातली_खुर्ची:
मंडळी, ओहाद नाहारिन या इस्राएली नृत्यदिग्दर्शकावरची 'मिस्टर गागा' ही डॉक्युमेंटरी (२०१५) शेवटी एकदाची बघितली. नाचातलं मला फार कळतं अशातला भाग नाही, पण एक भाग डोक्यातून जात नाहीये. १९९८ मध्ये इस्राएलला ५० वर्षं झाली, जेरुसलेमच्या सोहळ्यात त्याच्या बात्शेवा या नृत्यकंपनीचा तो खुर्च्यांचा नाच ठेवलेला, ज्यात सगळे एकेक कपडा काढून मध्ये भिरकावतात आणि शेवटी आतल्या कपड्यांवर येतात. धार्मिक पक्ष भडकले, मग तोडगा काय तर लांब अंडरवेअर घाला! नाहारिनने राजीनामा पुढे केला आणि नर्तकांनी स्टेजवर जायलाच नकार दिला. पण बीचवर याहून कमी कपड्यात लोक फिरतात की, मग इथेच देश कुठून मध्ये आला? आणि आपल्याकडे असं काही फिल्मवर आहे का, झेंडेवाली गाणी सोडून?

उगाचच_भोचक:
अरे किती उरले ते नको बघू, कुठले काढले ते बघ. काळे सूट, हॅट, म्हणजे बघणाऱ्याला तिथला कर्मठ ज्यू पुरुषच आठवणार. त्यात गाणं पेसाख या ज्यूंच्या सणाला घरोघरी म्हणतात ते, एक कोण, दोन कोण असं तेरापर्यंत मोजत जायचं, एक म्हणजे देव, आणि दर कडव्याला मागची सगळी यादी परत. हे लहानपणापासून तोंडपाठ असलेलं गाणं रॉकच्या दणक्यात लावून त्यावर ते कपडे काढायचे, तेही देशाच्या वाढदिवसाला! मला तर तो शेवटचा माणूस सगळ्यात भारी वाटतो, दर वेळी खुर्चीवरून धाडकन पडतो आणि कपडे मात्र काढतच नाही. सगळ्यांनी एकत्र केलं म्हणजे बंड, मग त्याचं काय म्हणायचं?

सदाशिव_पेठ_पार:
गंमत म्हणजे हीच कंपनी परदेशात गेली की बाहेर निदर्शनं, २०१२ ला एडिनबरोला झाली होती, कारण सरकारी पैसा घेता म्हणजे तुम्ही सरकारचा चेहरा. नाहारिन स्वतः सरकारच्या धोरणांवर उघड टीका करतो तरी. घरी अश्लील आणि बाहेर राजदूत, शरीर तेच.

फिल्लमबाज:
आपल्याकडे काय विचारतोस, नर्तक उदयशंकरचा 'कल्पना' सिनेमा बघ की! १९४८, स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत केलेला. त्यात मजूर आणि यंत्रांचा एक नाच आहे, माणसांचीच चाकं-दांडे होतात, बघताना अंगावर येतं. आणि मणिपुरी, कथकली, सगळा भारत एका ग्रुपच्या अंगात बसवायचा प्रयत्न. माणूस मुळात चित्रकार, आपल्या जे.जे.त शिकलेला, मग लंडन. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमधल्या प्रतीवरून इटलीत बोलोन्याला रिस्टोअर झाला, २०१२ ला कान फेस्टिव्हलला दाखवला, त्याची बायको आणि सिनेमाची नायिका अमला शंकर स्वतः हजर होत्या.

उगाचच_भोचक:
'कल्पना' सुंदर आहे, वाद नाही, पण माझी तक्रार तिथेच आहे. सगळ्या प्रांतांचे नाच एकाच साच्यातल्या, तालीम घेतलेल्या, गोंडस शरीरांनी करायचे आणि म्हणायचं हा भारत. ज्यांचा नाच आहे ते लोक कुठायत? नाहारिनचा देश निदान स्टेजवरच भांडतो तरी.

फिल्लमबाज:
४८ सालच्या माणसाकडून २०२० ची अपेक्षा करतोयस. बॉक्स ऑफिसच्या मागे लागलेल्या निर्मात्याची टर उडवतच सिनेमा सुरू होतो, तेवढं धाडस तरी मान.

तालीमवाली:
मी कंटेम्पररी शिकते म्हणून एक मुद्दा, तुमच्या भांडणात कॅमेरा राहूनच गेला. त्या खुर्च्यांच्या नाचात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट जाते, ती वाइड शॉटमध्येच दिसते. क्लोजअप घेतला की फक्त घामाघूम चेहरा राहतो, आणि आपण समाज नाही, एक माणूस बघायला लागतो. दुसरं, गागाच्या, म्हणजे नाहारिनच्या नाच शिकवायच्या पद्धतीच्या, क्लासमध्ये आरसे नसतात, स्वतःला बाहेरून बघायचंच नाही, आणि फिल्म म्हणजे तर सबंध बाहेरूनच बघणं. म्हणून मला त्या डॉक्युमेंटरीत शोपेक्षा रिहर्सल आवडल्या, एका मुलीला तो नुसतं पडायला शिकवतो, ती आपोआप स्वतःला सावरते आणि तो परत पड म्हणतो. खुर्चीवाल्याने पूर्ण नाच एका वाइड अँगलमध्ये शोधून बघावा, आवाज बंद करून एकदा आणि चालू ठेवून एकदा.

कोपऱ्यातली_खुर्ची:
आवाज बंद करून बघितला, तो पडणारा माणूस आता पहिल्यापासूनच दिसतोय. 'कल्पना'ची चांगली प्रिंट कुठे मिळेल?