मदत हवी आहे: आर्मिन होफमान यांच्या पद्धतीने वर्ग घ्यायचाय

नमस्कार मंडळी. उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी स्विस ग्राफिक डिझायनर आर्मिन होफमान (१९२०-२०२०) यांच्यावर कार्यशाळा घ्यायची आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या कलाशाळेत ते १९४७ पासून शिकवत होते, अमेरिकेत येल विद्यापीठातही शिकवलं. आपल्याकडे अहमदाबादच्या एनआयडीतही (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) ते येऊन गेले.

त्यांचं १९५९ चं 'जिझेल' बॅलेचं पोस्टर घ्या. काळा-पांढरा फोटो, गिरकीत धूसर झालेली नर्तिका आणि शेजारी उभं लावलेलं नाव. बस्स! रंग नाही, पण नजर हलत नाही. रस्त्यावरच्या जाहिरातींनी रंगाचा बाजार मांडलाय म्हणून ते मुद्दाम काळ्या-पांढऱ्यात काम करत. (आपले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहून काय म्हणाले असते!)

त्यांच्या वर्गातही सुरुवात ठिपका आणि रेषेपासूनच. इथेच माझं घोडं अडलंय. मुलं थेट मोबाइलवर तयार टेम्प्लेट उघडतात. ठिपका म्हटलं की हसतात.

तर, काळा कागद, कात्री आणि डिंक एवढ्यावर दोन-तीन तासांत होतील असे सराव कोणी घेतलेत का? देवनागरीत शिरोरेषेमुळे अक्षरं एका ओळीत लटकतात; ती उभी लावायची तर काय करता? आणि होफमान आले त्या काळात एनआयडीत शिकलेलं कोणी ओळखीचं असेल, तर त्यांना विचारून वर्ग कसा चालायचा ते इथे लिहाल का? चांगल्या छपाईतली पोस्टरं मुंबई-पुण्यात कुठल्या ग्रंथालयात बघायला मिळतील, तेही सांगा.