परमिट नाकारलं, अपील करायचं का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सी-२०३: नमस्कार. आईचं दिव्यांग पार्किंगचं परमिट नाकारलं. दोन्ही गुडघ्यांचं रिप्लेसमेंट झालंय हे सगळ्यांना माहीत आहेच. पत्रात कारण एका ओळीचं आहे: शस्त्रक्रियेनंतर सुधारणा आहे, अडचण कायमस्वरूपी दिसत नाही. खाली अपिलाची मुदत दिली आहे. आई म्हणते, राहू दे. कोणाला अनुभव आहे का?

डी-५०१: अपील नक्की करा. मी फिजिओ आहे, असे नकार पेशंट्सकडून कायम ऐकते. अर्जाला काय काय जोडलं होतं?

सी-२०३: डिस्चार्ज समरी, एक्स-रे आणि सर्जनचं पत्र. त्यात “रिकव्हरी समाधानकारक” असं आहे.

डी-५०१: मग गाडी तिथेच अडली. सर्जन समाधानकारक म्हणतात म्हणजे जखम भरली, इन्फेक्शन नाही, इम्प्लांट जागेवर आहे. अर्ज तपासणारा ते वाचून समजतो की बाई आता नीट चालतात. परमिट ऑपरेशन झालं म्हणून मिळत नाही, चालायला आणि गाडीतून चढा-उतरायला त्रास होतो म्हणून मिळतं. तो त्रास तुमच्या कागदांत कुठेच आलेला नाही.

ए-१०२: मी काय म्हणतो, आईंना दारात उतरवून गाडी लांब लावली तर? कशाला एवढी कागदपत्रं?

सी-२०३: काका, ते करून पाहिलं. गाडी लावून येईपर्यंत ती काठी धरून एकटी उभी असते, बसायला काही नसतं. आणि तिला चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं जास्त जड जातं.

डी-५०१: हे अगदी असंच अपिलात लिहा! दारात सोडण्याचा पर्याय तपासणाऱ्याच्याही डोक्यात येणारच, त्याचं उत्तर आधीच द्या.

बी-३०४: माझ्या सासऱ्यांचा खुबा बदलला तेव्हा खरी पंचाईत दाराची व्हायची. शेजारी गाडी खेटून असली की दार अर्धंच उघडतं. त्यांना आधी अख्खं अंग बाहेरच्या बाजूला वळवून, दोन्ही पाय एकत्र बाहेर काढून मग उठावं लागायचं. पहिले काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही असं सांगितलं होतं, मग अर्ध्या दारातून माणूस निघणार कसा?

डी-५०१: बरोबर ताई. गुडघ्याचंही तसंच, वाकत नसेल तर पाय आधी लांब करायला जागा लागते. दिव्यांग पार्किंगला बाजूला जास्तीची पट्टी असते ती त्यासाठीच. लोकांना वाटतं फक्त अंतर वाचतं. तुम्ही अंतर आणि दार, दोन्ही लिहा.

सी-२०३: अंतर कसं लिहायचं? “जास्त चालवत नाही” असं लिहिलं होतं.

डी-५०१: त्यातून काहीच कळत नाही. नेहमीच्या रस्त्यावर आईंसोबत चाला. कुठे पहिल्यांदा थांबल्या, किती मीटरवर, किती वेळ टेकल्या, दुखणं कधी सुरू झालं, परत आल्यावर सूज आली का, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही लिहा, काही वाढवून सांगू नका. फिजिओकडून चालण्याची चाचणी करून घ्या. सहा मिनिटांत किती अंतर जातं ती एक. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायला किती सेकंद लागतात ती दुसरी. आकडे लेटरहेडवर हवेत.

ए-१०२: पण सुधारणा होईलच ना वर्षभरात?

डी-५०१: बहुतेकांना होते काका. सगळ्यांना नाही. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले होते, त्यात गुडघ्याच्या रिप्लेसमेंटनंतर १० ते ३४ टक्के लोकांना दीर्घकाळ वेदना राहिल्याचं आढळलं. म्हणून “ऑपरेशन झालं म्हणजे बरं झालं” एवढ्यावर नकार देणं मला पटत नाही. मात्र ही टक्केवारी आईंची नाही, अपिलात ती जोडीला येऊ दे, भर त्यांच्या चालण्यावरच ठेवा. आणि तात्पुरतं परमिट देतात का तेही विचारा. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर कायमच्या परमिटला नाही म्हणणं त्यांना सोपं जातं.

सी-२०३: सर्जनकडून नवीन पत्र घेऊ का?

डी-५०१: घ्या, पण “प्रमाणपत्र द्या” एवढंच सांगू नका. आईंची वही समोर ठेवा आणि त्यांना पटेल तेवढं लिहून द्यायला सांगा: न थांबता किती चालतात, आधार कोणता, गुडघा किती अंश वाकतो, हे किती महिने चालेल असं वाटतं. कमरेचा किंवा दुसऱ्या सांध्यांचा त्रास असेल तर तोही यायला हवा, पहिल्या अर्जात तो राहून जातो.

सी-२०३: कमरेचं आहे! एमआरआय पण आहे, जोडलाच नाही.

डी-५०१: मग आजच काढून ठेवा. नकाराच्या पत्रातलं कारण जसंच्या तसं उतरवा आणि त्याच्याखाली उत्तर लिहा. मुदत जवळ आली असेल तर अपील आधी द्या, “वैद्यकीय कागद मागाहून” असं लिहून चालेल का ते फोन करून विचारा. पोच घ्यायला विसरू नका.

सी-२०३: खूप आभार ताई. संध्याकाळी आईला घेऊन खाली चालायला येतो, टेप पण आणतो.