विषय: नगर परिषदेला द्यायच्या पत्रावर मंडळाची सही (मतं हवीत)

प्रेषक: सचिव

सर्वांस नमस्कार,

शहरातल्या एका शांतता गटाने मंडळाला पत्र पाठवलं आहे. अण्वस्त्रबंदी करार ७ जुलै २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांत १२२ मतांनी मंजूर झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. आपण राहतो त्या देशाने त्यावर सही केलेली नाही. देश करत नसेल तर निदान शहराने पाठिंब्याचा ठराव करावा, असं नगर परिषदेला सांगायचं आहे. पॅरिस, बर्लिन आणि वॉशिंग्टनने तसा पाठिंबा दिलेला आहे. पत्राखाली मंडळाचं नाव घालायचं का? रविवारी कार्यकारिणी बसते आहे, त्याआधी कळवा. आणि 'सर्वांना उत्तर' जरा जपून दाबा, ही विनंती.

प्रेषक: वि. गो.

सचिवसाहेब, माझा विरोध नोंदवा. मंडळाच्या घटनेत भाषा आणि संस्कृती आहे, परराष्ट्र धोरण नाही. शिवाय मे १९९८ मध्ये पोखरणची बातमी आली तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी एकमेकांना फोन करून अभिनंदन केलं, ते मी विसरलेलो नाही. मीही केलं होतं. आता कोणत्या तोंडाने सही करायची? आणि नगर परिषद करणार काय? तिच्याकडून रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत, ती क्षेपणास्त्रं मोडीत काढणार!

प्रेषक: डॉक्टर (माजी अध्यक्ष)

वि. गो., मी जन्मभर लोकांच्या दातांतले खड्डे बुजवले, तेव्हा या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

१९५८ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये काही शास्त्रज्ञांनी आणि गृहिणींनी लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. त्या काळी अणुचाचण्या उघड्यावर होत. धुरळा वर जाई आणि पावसाबरोबर खाली येई, त्यात किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० असे. हे मूलद्रव्य कॅल्शियमच्या जातीचं. शरीराला दोघांतला फरक नीट कळत नाही. ते गवतावर पडतं, गवत गाय खाते, दूध मूल पितं, आणि दुधातल्या कॅल्शियमबरोबर तेही दाता-हाडांत जाऊन बसतं. दात पडला की त्या मुलाच्या जन्माच्या सुमारास हवेत काय होतं याची नोंद आपोआप हातात येते! दात पाठवणाऱ्या मुलाला छातीवर लावायला एक बिल्ला मिळे. तीन लाखांच्या आसपास दात जमले. या मोहिमेच्या प्रमुख डॉ. लुईस राइस यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात पहिले निष्कर्ष छापले: पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे प्रमाण वर्षागणिक वाढत होतं. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला अमेरिकेतल्या हजारो बायका चाचण्यांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत करार झाला आणि हवेतल्या, पाण्याखालच्या, अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी आली.

हा सगळा मान दातांना देऊ नका. १९६२ मधल्या क्यूबाच्या क्षेपणास्त्र-पेचाने केनेडी आणि ख्रुश्चेव्ह या दोन्ही नेत्यांची झोप उडवली होती, रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी अकरा हजारांवर शास्त्रज्ञांच्या सह्या संयुक्त राष्ट्रांत नेऊन दिल्या होत्या, आणि त्याहीआधी, १९५४ मध्ये, पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी अणुस्फोटाची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडल्यावर टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्यांची मोहीम काढली होती. ती तीन कोटींच्या पुढे गेली.

पण गोष्ट इथेच सोडली तर मी तुम्हाला फसवतोय. त्या कराराने जमिनीखालच्या चाचण्यांना मुभा ठेवली. दुधातलं विष ओसरत गेलं, बायका घरी परतल्या आणि चाचण्या भुयारात चालूच राहिल्या. १९८६ पर्यंत जगातल्या अण्वस्त्रांचा आकडा ७० हजारांच्या घरात गेला. लोकांनी दिसतं तेवढंच मागितलं आणि सरकारांनी तेवढंच नजरेआड केलं. माझा आक्षेप सही करण्याला नाही, पत्राला आहे. मसुदा वाचला. 'जगात शांतता नांदावी' यापलीकडे त्यात काही नाही. असं पत्र घेताना कोणत्याही परिषदेला आनंदच होईल.

प्रेषक: मा. (कार्यकारिणी)

डॉक्टरकाका, दातांचं माहीत नव्हतं. वि. गो. काका, तुमच्या 'कोणत्या तोंडाने'ला उत्तर देते.

बिकिनीचा तो स्फोट १ मार्च १९५४ चा. २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत मागणी केली की निःशस्त्रीकरण होईल तेव्हा होईल, निदान चाचण्या आत्ता थांबवा. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांपुढे २०१० पर्यंत सगळी अण्वस्त्रं संपवायची योजना मांडली. मग १९९८. आणि २०१७ च्या कराराच्या वाटाघाटींत भारत बसलाच नाही, बाकीचे आठ अण्वस्त्रधारीही नाहीत. म्हणजे हे तोंड आपलंच आहे, मध्ये बंद झालं एवढंच.

१९६२ मध्ये विनोबांचे दोन अनुयायी, सतीश कुमार आणि ई. पी. मेनन, अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले, अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्यांकडे: मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. विनोबांनी सांगितलं, खिशात पैसा ठेवू नका. वाटेत सोव्हिएत संघातल्या एका चहाच्या कारखान्यातल्या बाईने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार राजधान्यांसाठी एकेक. बॉम्बची कळ दाबायची वेळ आलीच तर आधी थांबून हा चहा घ्या, असा तिचा निरोप होता. त्या दोघांच्या देशाकडे तेव्हा बॉम्ब नव्हता, हे मला मान्य. म्हणूनच आता आपण म्हणणं जास्त अवघड आहे, आणि मला ते म्हणायचं आहे.

नगर परिषदेबद्दल: मार्च १९८२ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात दीडशेहून अधिक गावांनी ग्रामसभेत अण्वस्त्रं गोठवण्याचा, म्हणजे नवी बनवणं थांबवण्याचा, ठराव केला. त्याच जूनमध्ये त्याच मागणीसाठी न्यूयॉर्कला दहा लाख माणसं जमली. १९८७ मध्ये अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडायच्या करारावर सह्या केल्या.

प्रेषक: वि. गो.

आणि २०१९ मध्ये तो करार बुडाला, हे लिहायचं राहिलं का?

प्रेषक: मा.

राहिलं नाही, टाळलं. पण तोपर्यंत दोन्ही बाजूंची मिळून अडीच हजारांवर क्षेपणास्त्रं मोडली गेली होती. ती परत जोडली गेलेली नाहीत.

प्रेषक: वि. गो.

बरं. आकडा चांगला आहे. चहाची गोष्ट मला आवडली, पण तिच्या जोरावर मी मत बदलत नाही. डॉक्टरांच्या मुद्द्यावर बदलतो, तेही अर्धंच. पत्रात नऊही देशांचा उल्लेख हवा, भारतासकट. एकाच राजधानीकडे बोट दाखवणाऱ्या कागदावर मी मंडळाचं नाव येऊ देणार नाही. आणि परिषदेच्या हातात जे खरंच आहे तेच मागा. तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा निधी कुठे गुंतवलाय, ते विचारा.

प्रेषक: डॉक्टर

हेच म्हणत होतो! न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने डिसेंबर २०२१ मध्ये नेमका हाच ठराव केला, की अण्वस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांतून शहराच्या निवृत्तिवेतन निधीचे पैसे काढून घ्यावेत. ठराव झाला म्हणजे पैसे निघाले असं नाही, पाठपुरावा करत राहावं लागतं. पण या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर द्यावंच लागतं, त्यातून सुटका नाही.

प्रेषक: सचिव

मंडळी, रविवारच्या बैठकीसाठी नोंद अशी: 'जगात शांतता नांदावी' हे वाक्य काढायचं. कराराला पाठिंब्याच्या ठरावाची मागणी ठेवायची. नऊ देशांची नावं घालायची, भारताचं वर्णक्रमाने जिथे येईल तिथे. निवृत्तिवेतन निधीचा प्रश्न परिच्छेद दोनमध्ये, उत्तरासाठी तारखेसह. मसुदा मा. लिहील, भाषा वि. गो. तपासतील. मंडळाचं नाव घालायचं की ज्याची त्याची सही, यावर मतदान होईल.

वि. गो., घटनेच्या कलमाची प्रत तुमच्याकडे आहे ना? ती घेऊन या.