किसान विकास पत्रात पाच लाख रुपये गुंतवणे फायद्याचे आहे का?

साठवण
नमस्कार. माझ्या मुदत ठेवीचे पाच लाख रुपये पुढील आठवड्यात हाती येणार आहेत. माझे वय ४९ असून साडेनऊ-दहा वर्षे ही रक्कम लागणार नाही, असा अंदाज आहे. पोस्टातील किसान विकास पत्राचा दर सध्या ७.५ टक्के असून ११५ महिन्यांत पैसे दुप्पट होतात. शेअर बाजार आणि म्युच्युअल फंड नकोत, आणि रक्कम पाच लाखांच्या वर जाणार नाही. जुन्या करप्रणालीत माझे उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात येते. हा परतावा खरोखर समाधानकारक आहे का?

जुना_ठेवीदार
१९८८ साली ही योजना आली तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत असत आणि आमच्या घरातील दोन लग्ने त्याच पत्रांवर पार पडली. २०११ च्या अखेरीस ती बंद झाली, २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा मुदत १०० महिने होती, आता ती ११५ महिन्यांवर गेली आहे. त्यापेक्षा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाख ठेवा. तेथे ८.२ टक्के व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होते. मी स्वतः तेच केले आहे आणि पूर्ण समाधानी आहे.

रेवा_७
प्रश्नकर्त्यांचे वय ४९ आहे आणि त्यांच्याकडे पाच लाखच आहेत. ज्येष्ठ नागरिक योजना सर्वसाधारणपणे ६० व्या वर्षापासून मिळते, त्यामुळे हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही.

सुवर्णरेखा
सरकारी हमीच हवी असेल तर सार्वभौम सुवर्ण रोख्यांसारखे दुसरे काही नाही. नोव्हेंबर २०१५ च्या पहिल्या मालिकेत मी २,६८४ रुपये प्रति ग्रॅम दराने रोखे घेतले आणि आठ वर्षांनी ६,१३२ रुपये दराने पैसे परत मिळाले. वर्षाला २.७५ टक्के व्याज मिळाले ते वेगळेच, आणि मुदतपूर्तीच्या नफ्यावर करही लागला नाही.

रेवा_७
आपला लाभ मोठाच आहे, पण फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवी मालिका काढलेली नाही. आता हे रोखे घ्यायचे तर शेअर बाजारातून घ्यावे लागतील, आणि तीच वाट प्रश्नकर्त्यांनी बंद केली आहे.

हिशेबनीस
'दुप्पट' या शब्दावर मत बनवण्याआधी आकडे मांडून पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ११५ महिने म्हणजे नऊ वर्षे सात महिने. शंभर टक्के वाढीला या वर्षांनी भागले की वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक परतावा दिसतो, आणि काही एजंट हाच आकडा सांगतात. खरा चक्रवाढ दर मात्र ७.५ टक्केच आहे. या व्याजाला करसवलत नाही आणि गुंतवलेल्या रकमेवर करवजावटही मिळत नाही. २० टक्के कर आणि त्यावरील उपकर धरता पाच लाखांच्या व्याजातून सुमारे एक लाख चार हजार रुपये करात जातील, म्हणजे हाती साधारण आठ लाख शहाण्णव हजार उरतील. महागाई सरासरी पाच टक्के राहिली, असे मी येथे गृहीत धरतो, तर त्या रकमेची खरेदीशक्ती आजच्या सुमारे पाच लाख साठ हजारांइतकी असेल. मुद्दल वाचेल आणि थोडी भर पडेल, एवढेच हे पत्र खात्रीने देते.
तुमचे पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, खाते आहे का? तेथे दर ७.१ टक्के असला तरी व्याज करमुक्त आहे. वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत हेच पैसे चार आर्थिक वर्षांत तेथे वळवता येतील. आणखी एक पर्याय म्हणजे रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे. त्यांची मुदत सात वर्षे आणि सध्याचा दर ८.०५ टक्के आहे.

करदाता_कोकण
कराचा हिशेब शेवटी एकदम करायचा नसतो. व्याज दरवर्षी विवरणपत्रात दाखवले पाहिजे.

जुना_ठेवीदार
हाती न आलेल्या पैशांवर कर भरणे मला पटत नाही. मी नेहमी मुदत संपल्यावरच व्याज दाखवत आलो आहे.

करदाता_कोकण
हिशेबाच्या दोन्ही पद्धती चालतात, पण एकदा निवडलेली पद्धत पाळावी लागते. शेवटच्या वर्षी पाच लाखांचे व्याज एकदम उत्पन्नात मिळवले, तर वरचा कर टप्पा लागण्याची शक्यता असते. निवृत्तीनंतर उत्पन्न बरेच कमी होणार असेल, तर मात्र शेवटी दाखवणे सोयीचे ठरू शकते.

माणदेशी
व्याजदराची चर्चा पुष्कळ झाली, वारसाची कोणीच केली नाही. माझ्या काकांच्या पत्रांवर नामनिर्देशन नव्हते आणि ती रक्कम मिळवण्यासाठी काकूंना एका कार्यालयात कित्येक महिने फेऱ्या माराव्या लागल्या. अर्जातील तो रकाना रिकामा ठेवू नका. दुसरे असे, की पाच लाखांचे एकच पत्र घेऊ नका. एका पत्रातून काही भाग काढता येत नाही, आणि अडीच वर्षांनी मोडायचे ठरवले तरी ते पूर्णच मोडावे लागते. एकेक लाखाची पाच पत्रे घेतली, तर अडचणीच्या वेळी एकच मोडून बाकीची चालू ठेवता येतात.

सुवर्णरेखा
पीपीएफच घ्यावे, असे माझेही मत आहे. सोने नको असेल तर त्याहून चांगले काही नाही.

साठवण
सर्वांचे मनापासून आभार. माझे पीपीएफ खाते आहे, पण त्याची दीड लाखांची मर्यादा दरवर्षी पगारातूनच भरली जाते. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांचा दर सहा महिन्यांनी बदलू शकतो, आणि व्याज दर सहामाहीला हाती येत असल्याने ते घरखर्चात मिसळून जाईल. खरेदीच्या दिवशीचा दर शेवटपर्यंत कायम राहावा, ही माझी मुख्य गरज आहे. म्हणून हिशेबनीस यांचे आकडे मान्य करूनही मी किसान विकास पत्रच घेणार आहे. एकेक लाखाची पाच पत्रे घेईन आणि पाचही पत्रांवर पत्नीचे नामनिर्देशन करीन.

हिशेबनीस
मी असतो तर निदान दोन लाख रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांत ठेवले असते, कारण तेथेही कर भरावाच लागतो आणि दर मात्र अर्ध्या टक्क्याहून अधिक आहे. तरी व्याज खर्च होण्याची तुमची भीती खरी असेल, तर तो अर्धा टक्का हाती उरणारच नाही, हे मला मान्य आहे. व्याज दरवर्षी दाखवणार असाल तर पहिल्याच वर्षापासून दाखवा आणि प्रत्येक वर्षाच्या विवरणपत्राची प्रत या पत्रांसोबत ठेवा.